तांबरमचा निकाल, चेंगलपट्टूचे दफ्तर

"काकांचा घटस्फोट मद्रासला झाला होता," एवढेच घरात सांगितले जाते. पुढे कधीतरी त्या घटस्फोटाचा कागद लागतो. पेन्शनसाठी लागतो, पासपोर्टवरचे जोडीदाराचे नाव काढायला लागतो, घराच्या वाटणीत लागतो. मग कोणी पुतण्या किंवा भाची चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या आवारातल्या फॅमिली कोर्टात चौकशी करते आणि तिथे त्या नावाची नोंदच सापडत नाही. बहुतेक वेळा कागद हरवलेला नसतो. काका राहत होते तांबरमला, आणि न्यायालयांच्या हिशेबात तांबरम मद्रास शहरात कधी नव्हते. आजही ते चेन्नई जिल्ह्यात नाही.

नकाशावर हे पटत नाही. मद्रास बीच ते तांबरम ही विजेची लोकल १९३१ पासून धावते आहे आणि डब्यात बसलेल्याला शहर कुठे संपले ते कळतही नाही. पण न्यायालयाची हद्द लोकलच्या मार्गावर ठरत नाही, जिल्ह्यावर ठरते. तांबरम जुन्या चिंगलपुट जिल्ह्यात होते. १९९७ मध्ये त्या जिल्ह्याचे कांचीपुरम आणि तिरुवल्लूर असे दोन भाग झाले, तेव्हा तांबरम कांचीपुरममध्ये गेले. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी कांचीपुरममधून चेंगलपट्टू हा नवा जिल्हा निघाला आणि तांबरम त्यात आले. २०२१ मध्ये तांबरमची स्वतःची महानगरपालिका झाली. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट स्थिर राहिली: तांबरमच्या माणसाचे जिल्हा न्यायालय चेंगलपट्टूला असे आणि आजही तिथेच आहे. तांबरम स्टेशनवरून उत्तरेची लोकल उच्च न्यायालयाकडे जाते, दक्षिणेची चेंगलपट्टूला, आणि दोन्हीकडचे अंतर साधारण ३० किलोमीटर. घटस्फोटाचा कागद शोधणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेक जण उत्तरेची गाडी पकडतात.

मराठी माणसांचा तांबरमशी संबंध थोडाथोडका नाही. हवाई दलाचे केंद्र तिथे आहे. वैमानिकांना शिकवणारे शिक्षक जिथे तयार होतात ते फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलही तिथेच, आणि विमानांच्या यांत्रिक कामाचे प्रशिक्षणही. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहमदनगरकडची कितीतरी मुले हवाई दलात भरती होऊन तांबरमच्या क्वार्टरमध्ये संसार मांडून गेली. पुढे सॅनटोरियम स्टेशनजवळच्या निर्यात प्रक्रिया क्षेत्रात नोकरीसाठी गेलेले, आणि अलीकडे दक्षिण चेन्नईच्या आयटी कंपन्यांमुळे स्वस्त घर शोधत तांबरमपर्यंत पोचलेले. बदलीच्या गावी मोडलेला संसार हा या प्रकरणाचा खरा विषय आहे, कारण असा संसार कागदोपत्री नेमका कोणत्या गावचा, हेच आधी ठरवावे लागते.

आपल्याकडे जन्माचा दाखला मिळतो, मृत्यूचा मिळतो, लग्नाचाही मिळतो. घटस्फोटाचा दाखला नावाची वस्तू मात्र देशाच्या बहुतेक भागांत अस्तित्वातच नाही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा घटस्फोटाला हात लावत नाही. तामिळनाडूचा २००९ चा विवाह नोंदणी कायदा आणि महाराष्ट्राचा १९९८ चा, दोन्ही लग्न लागल्याची नोंद करतात. ते लग्न पुढे मोडले की त्या वहीतल्या ओळीवर आपोआप काही उमटत नाही. त्यामुळे १९९० साली नोंदलेले लग्न १९९६ मध्ये मोडले असले, तरी निबंधकाकडून आज मिळणाऱ्या दाखल्यात ते लग्न धडधाकट दिसते. न्यायालयातून झालेल्या घटस्फोटाचा पुरावा एकच: ज्या न्यायालयाने लग्न मोडले त्याने काढलेला हुकूमनामा. तो त्या एका न्यायालयाच्या दफ्तरात असतो आणि त्याची देशभराची सूची कुठेही नाही.

गोव्यात असे नाही, आणि ते पाहण्यासारखे आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी नोंदणीत लग्नाची नोंद ज्या पानावर असते, त्याच पानाच्या समासात न्यायालयाच्या हुकमाने घटस्फोटाचा शेरा मारला जातो. म्हापशाचे जुने पान उघडले की लग्न आणि त्याचा शेवट एकत्र वाचता येतो. पारशांच्या १९३६ च्या कायद्यातही न्यायालयाने हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवायची आणि त्याने ती वहीत उतरवायची, असे सांगितले आहे. उत्तराखंडने २०२५ च्या जानेवारीत लागू केलेल्या समान नागरी संहितेत घटस्फोटाची नोंदणी सक्तीची केली. त्या संहितेतल्या इतर तरतुदींबद्दल काहीही मत असो, ही एक सोय उरलेल्या देशाने उचलावी असे मला मनापासून वाटते. समासातली एक ओळ पुढच्या पिढीची वर्षे वाचवते.

तर न्यायालय कोणते, हे शोधायचे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि त्याचे १९ वे कलम हाच या शोधाचा नकाशा. अर्ज मुख्यतः चार प्रकारच्या ठिकाणी करता येतो: लग्न लागले तिथे, सामनेवाला राहतो तिथे, नवराबायको शेवटचे एकत्र राहिले तिथे, आणि २००३ च्या दुरुस्तीपासून, अर्जदार बायको असेल तर ती राहते तिथे. लग्न कराडला लागले, संसार तांबरमला झाला, बायको माहेरी इचलकरंजीला परतली आणि नवऱ्याची बदली जोधपूरला झाली, तर एकाच जोडप्याचा खटला चार राज्यांत नाही तरी तीन राज्यांत कुठेही उभा राहिलेला असू शकतो. म्हणून शोधाची सुरुवात कालखंडाने करावी. घटस्फोट २००३ नंतरचा असेल आणि अर्ज बायकोचा असेल, तर पहिली चौकशी तिच्या माहेरच्या गावाच्या न्यायालयात. त्याआधीचा असेल तर शेवटचे एकत्र बिऱ्हाड कुठे होते हे विचारावे. घरातल्या म्हाताऱ्यांना "घटस्फोट कुठे झाला" असे विचारून फारसे हाती लागत नाही. "तारखेला कोण कुठे जायचे, मुक्काम कुठे व्हायचा" असे विचारले की गाडी, लॉज, वकिलाचे ऑफिस असे सगळे आठवते, आणि गावाचे नाव बाहेर येते.

तामिळनाडूत शहराबाहेर असे अर्ज सबकोर्टात, म्हणजे आपल्याकडच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाच्या तोडीच्या न्यायालयात चालत आले. क्रमांकाच्या आधी 'एच.एम.ओ.पी.' (हिंदू मॅरेज ओरिजिनल पिटिशन) अशी अक्षरे असतात. आज तांबरमला स्वतःचे सबकोर्ट आहे, आणि चेंगलपट्टूला फॅमिली कोर्टही आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने अशी व्यवस्था केली आहे की एखाद्या भागासाठी फॅमिली कोर्ट स्थापन झाले की तिथले चालू खटले त्याच्याकडे वर्ग होतात. म्हणजे दाखल एका इमारतीत, निकाल दुसऱ्या इमारतीत, आणि मध्ये क्रमांकही बदललेला. चेन्नईच्या फॅमिली कोर्टात तोच अर्ज नुसता 'ओ.पी.' असतो. महाराष्ट्रातल्या फॅमिली कोर्टात एकतर्फी मागणीचा अर्ज 'ए' आणि परस्परसंमतीचा 'एफ' अशा अक्षराने ओळखला जातो. जुन्या पत्रावर नुसते 'एफ' आणि एक आकडा दिसला तर तो खटला महाराष्ट्रातला, आणि दोघांच्या संमतीचा, इतके त्या एका अक्षरावरून कळते.

खटला जागा बदलतो त्याची आणखीही कारणे आहेत. नवऱ्याने तांबरमला अर्ज केला, बायकोला लहान मूल घेऊन हजार-बाराशे किलोमीटर जाणे शक्य नाही, म्हणून तिने खटला आपल्या गावी वर्ग करून मागितला. दोन राज्यांमधला खटला हलवायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे आणि असे अर्ज तिथे सतत येत असतात. असा आदेश झाला असेल तर तांबरमच्या वहीत 'वर्ग' एवढाच शेरा सापडेल. निकाल सांगलीला असेल. कधी दिल्लीतच तडजोड होते आणि सर्वोच्च न्यायालय घटनेच्या १४२ व्या कलमाखाली स्वतःच लग्न मोडून टाकते. २०२३ च्या शिल्पा शैलेश खटल्यात घटनापीठाने हा अधिकार स्पष्ट केला. अशा वेळी खालच्या न्यायालयात हुकूमनामा शोधणे व्यर्थ, कारण तिथे तो कधी निघालाच नाही.

अपील झाले असेल तर मात्र ते शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडते. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालाच्या पहिल्याच पानावर, मूळ खटला कोणत्या न्यायालयाच्या फाइलवर, कोणत्या क्रमांकाचा आणि कोणत्या तारखेला निकालात निघाला, हे एका लांबलचक वाक्यात लिहिलेले असते. उच्च न्यायालयाचे निकाल प्रसिद्ध होतात, खालच्यांचे होत नाहीत. त्यामुळे वरच्या निकालाचे पहिले पान हाती आले की खालच्या दफ्तराची किल्लीच मिळाली.

इंटरनेटवरच्या ई-कोर्ट्सच्या सेवेने हे काम सोपे केले आहे, पण मर्यादेत. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो, आणि तो माहीत असेल तर खटल्याची स्थिती घरबसल्या कळते. जिल्हा न्यायालयांचे संगणकीकरण मुख्यतः २०१० नंतरच्या दशकात झाले. त्याआधी निकाली निघालेले खटले तिथे मिळतील या भरवशावर राहू नये. शिवाय वैवाहिक खटल्यांचे आदेश बहुधा तिथे उघडता येत नाहीत, आणि ते योग्यही आहे.

नावाचा घोळ याहून मोठा. तामिळनाडूत माणसाचे नाव आणि वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, एवढ्यावर काम चालते. आडनाव या गोष्टीला तिथल्या कारकुनाच्या लेखी वजन नाही. वडील विठ्ठल आणि मुलगा गणेश असेल तर तो वहीत 'व्ही. गणेश' म्हणून बसलेला असतो आणि पाटील हे आडनाव सापडतच नाही. तमिळ लिपीत क आणि ग, प आणि ब यांना एकच अक्षर, महाप्राण अक्षरे नाहीतच. तमिळमध्ये लिहिलेले भोसले पुन्हा इंग्रजीत उतरताना 'पोस्ले'ही होऊ शकतात. खटला बायकोने केला असेल तर तिचे नाव माहेरचे, सासरचे की नवऱ्याचे आद्याक्षर लावलेले, हा निराळा प्रश्न. तंजावरकडच्या, पिढ्यान्पिढ्या तिथेच असलेल्या मराठी घरांत 'राव' इतके आहेत की नुसत्या त्या नावावर शोध घेणेच निरर्थक. अशा वेळी दोन्ही बाजूंची नावे एकत्र, वर्ष आणि वकिलाचे नाव, या चार धाग्यांवर शोधावे. जुन्या वकिलाचे ऑफिस आता त्याचा मुलगा किंवा ज्युनिअर चालवत असेल, तर त्याच्या डायरीत तारखांसकट सगळे मिळते.

क्रमांक मिळाला की नकलेचा अर्ज. इथे एक विसंगती आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा हा साऱ्या जगावर बंधनकारक पुरावा: वैवाहिक अधिकारात दिलेला निकाल माणसाच्या दर्जाबद्दल निर्णायक मानावा, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पण ज्या खटल्यातून तो निघाला तो बंद दालनात चालतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे परवानगीने छापलेले निकाल सोडले, तर हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमाने त्या कामकाजातले काहीही छापायला मनाई आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कौंटीच्या न्यायालयात जाऊन घटस्फोटांची सूची कोणीही चाळू शकतो. वंशावळ शोधणारे लोक तेच करतात. इंग्लंडमध्ये १८५८ पासूनच्या घटस्फोटांचा मध्यवर्ती शोध घेता येतो. आपल्याकडे निकाल सगळ्यांनी मानायचा आणि कागद मात्र दोघांचाच. मला ही मर्यादा मान्य आहे. त्या फाइलीत मारहाणीचे, आजाराचे, अंथरुणातले तपशील असतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते वाचण्याचे काही कारण नाही. नुसत्या हुकूमनाम्याची तारीख आणि क्रमांक मात्र याहून सहज कळायला हवा.

खटल्यातल्या दोघांना नक्कल हक्काने मिळते. हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने दोघांनाही विनामूल्य द्यायची असते; ही तरतूद १९७६ ची. पक्षकार वारला असेल तर मुलांनी किंवा वारसांनी प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा, त्यात मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि कागद कशासाठी हवा ते लिहायचे. त्रयस्थाला न्यायाधीशांची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकून देण्याची आपल्याकडे सवय आहे. न्यायालयाच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच घ्याव्या लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या निकालात सांगितले आहे. तेव्हा तो वेळ वाया जातो. दुसरे लग्न ठरवताना समोरच्याचा घटस्फोट खरा आहे का हे बघायचे असेल, तर न्यायालयात जाण्याआधी सरळ त्यालाच प्रमाणित नक्कल मागावी. खरा घटस्फोट झालेल्या माणसाला ती काढून देणे अवघड नसते. ती हाती आली की अपिलाची ९० दिवसांची मुदत संपली आहे ना, तेवढे पाहावे.

नक्कल हाती आली की ती पाठीमागूनही वाचावी. वरच्या बाजूला न्यायालयाचे नाव, न्यायाधीशांचे नाव, क्रमांक, दोन्ही पक्ष, मग अर्ज कधी सादर झाला ती तारीख, निकालाची तारीख, आणि 'विवाह विच्छेदित करण्यात येत आहे' अशा अर्थाचे एक कोरडे वाक्य. खाली खर्चाचा तक्ता. शिक्क्याजवळ किंवा मागे तारखांची रांग असते: नकलेसाठी अर्ज केल्याची, शुल्क मागवल्याची, शुल्क भरल्याची, नक्कल तयार झाल्याची, नक्कल दिल्याची. या तारखा शोभेच्या नाहीत. अपिलाची मुदत मोजताना नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस वगळतात, ते याच रांगेवरून. हुकूमनामा एक-दोन पानांचा असतो; कारणमीमांसा असते ती निकालपत्रात. पेन्शनच्या आणि परदेशच्या कचेऱ्या बहुधा हुकूमनाम्यावर भागवतात. परदेशात वापरायचा असेल आणि तो देश अपोस्टीलच्या करारात असेल, तर त्याच्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशासाठी कागद प्रमाणित करणारा शिक्का, लागतो. भारत त्या करारात २००५ पासून आहे.

अर्ज सादर झाल्याची तारीख किती मोलाची असते, याचे उदाहरण पेन्शनमध्ये आहे. केंद्र सरकारच्या मृत कर्मचाऱ्याच्या घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, पण घटस्फोट आईवडिलांच्या हयातीत झालेला असावा लागे. खटले दहा-दहा वर्षे चालतात आणि तेवढ्यात आईवडील जातात, हे लक्षात घेऊन जुलै २०१७ मध्ये नियम सैल केला: अर्ज त्यांच्यापैकी एकाच्या तरी हयातीत दाखल झालेला असेल, तर हुकूमनामा नंतरचा असला तरी चालेल. म्हणजे अशा मुलीचे उभे आयुष्य हुकूमनाम्यातल्या त्या दुसऱ्या, दुर्लक्षित तारखेवर अवलंबून असते.

धर्म बदलला की दफ्तरही बदलते. तांबरम-पल्लावरम भागात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली जिल्हा न्यायालयाने दिलेला निकाल २००१ च्या दुरुस्तीपर्यंत उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. त्यामुळे त्याआधीच्या ख्रिस्ती घटस्फोटाची दुसरी नोंद मद्रास उच्च न्यायालयात असते, आणि या एका बाबतीत उत्तरेची लोकल पकडणाराही बरोबर ठरतो. मुस्लिम तलाकाबद्दल काझीने दिलेले प्रमाणपत्र हे फक्त मत आहे, न्यायालयात पुरावा नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. आणि आपल्याकडच्या काडीमोड किंवा फारकतीला कायद्याने जागा ठेवली आहे, रूढी सिद्ध करता आली तर. पण तिचा कागद पंचांकडे, तोही असला तर. न्यायालयात शोधून तो मिळणार नाही. तिथे लग्नाच्या दर्जाबद्दल फॅमिली कोर्टाकडून जाहीर निवाडा मागण्यावाचून गत्यंतर नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एकतर्फी हुकूमनाम्यांची. समन्स जुन्या पत्त्यावर गेले, परत आले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापली गेली, तीही तमिळ किंवा इंग्रजी पत्रात, आणि साताऱ्यात बसलेल्या बाईला पत्ताच नाही. आपला घटस्फोट झाला हे तिला पंधरा वर्षांनी नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदांवरून कळते. अशा बाईने तांबरमच्या किंवा चेंगलपट्टूच्या न्यायालयात नकलेचा अर्ज टाकावा, पक्षकार म्हणून, कोणाच्या परवानगीची वाट न पाहता. नकलेत समन्स कसे बजावले ते लिहिलेले नसेल तर समन्सच्या अहवालाचीही नक्कल मागावी. एकतर्फी निकाल रद्द करून घेण्याचा मार्ग त्या अहवालातूनच जातो, आणि मुदत तिला कळल्या तारखेपासून मोजली जावी हे मांडायलाही तोच लागतो. तामिळनाडूच्या न्यायालयांतही शिरस्तेदार हाच शब्द आहे, वकालत आहे, नाझर आहे. आपल्या तालुक्याच्या कोर्टात वावरलेल्या बाईने तिथे बिचकण्याचे कारण नाही.

जुन्या फाइली कायम ठेवत नाहीत. १९१७ च्या कायद्याने उच्च न्यायालयांना दफ्तर नष्ट करण्याचे नियम करता येतात. साक्षी, किरकोळ अर्ज ठरावीक वर्षांनी जातात, निकालपत्र आणि हुकूमनामा मात्र जपण्याच्या वर्गात मोडतात. तरीही पाणी, वाळवी, इमारत बदलताना झालेली हेळसांड यांतून काही जातेच. "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असे तोंडी उत्तर मिळाले तर परत फिरू नये. ते लेखी घ्यावे, आणि त्याच वेळी त्या वर्षीच्या अर्जांच्या नोंदवहीतल्या ओळीची प्रमाणित नक्कल मागावी. त्या ओळीत क्रमांक, दोन्ही नावे, दाखल तारीख आणि निकालाचा थोडक्यात शेरा असतो. फाइल गेली तरी वही टिकलेली असण्याची शक्यता बरीच असते. ती ओळ आणि लेखी उत्तर एकत्र जोडून पेन्शनच्या कचेरीकडे अर्ज करता येतो, आणि पुढे दर्जाबद्दल निवाडा मागायची वेळ आलीच तर त्या दाव्यातही पहिला पुरावा म्हणून हेच दोन कागद दाखल करायचे असतात.